खडकापासून दादापर्यंतचं अंतर

माय, दादा ज्या उतारावर गाडला गेला, तो उतार भूकंपाच्या त्या मिनिटात दक्षिणेला, म्हणजे आपल्या बाजूला, हातभराहून जास्त सरकला होता. मोजणीवाल्या मॅडमनी काल दुपारी फोन करून सांगितलं. जुन्या मोजण्या नव्या पद्धतीने पुन्हा तपासल्या, दोनदा पडताळल्या, आता शंका उरली नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना तू आठवतेस. मी पेपरात काम करते तशीच वागले, दोन प्रश्न विचारले, उत्तरं टिपून घेतली, आभार मानले. हे सांगायचं होतं तुला, आणि तुला जाऊनही आता किती वर्षं झाली.

बपेरा गावच्या रस्त्याला लागून आपल्या शेतातली धानाची बांधी, आणि तिच्या कोपऱ्यात म्हशीच्या पाठीसारखा वर आलेला तो खडक. चैतात तू त्यावर मोहफुलं वाळत घालायचीस. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना असाच, जमिनीत खोलवर गेलेला खडक हवा होता. त्यांनी त्यात बारीक भोक पाडून स्टीलचा खिळा बसवला. दरवर्षी यायचं, खिळ्यावर तीन पायांचा स्टँड उभा करायचा, त्यावर पांढरी थाळी बसवायची आणि आभाळातल्या उपग्रहांचे सिग्नल दोन-तीन दिवस ऐकत ठेवायची, असं त्यांचं काम. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, “मॅडम, सोनं-गिनं निंगालं त सांगजा बरं. बांधी माह्या नावानं हाय.” मॅडम हसल्या. त्यांनी समजावलं की आपली सगळी जमीन हळूहळू उत्तरेकडे सरकते आणि हिमालयाला रेटते. तिकडे ती दबते, मोडते. इकडे मात्र शांत असते, म्हणून तिकडचा पहाड किती हलला ते इथल्यासारख्या खडकांवरून मोजता येतं. तू म्हणालीस, “मंग माही मोहफुलं बी चालली म्हणा हिमालयात.” मॅडम म्हणाल्या, “हो काकू, आणि तुम्ही पण.” तेव्हा दादा त्याच पहाडात रस्त्याच्या कामावर होता. तू म्हणालीस, “बरं हाय. तिकिटाचे पैसे वाचले.”

मग तिकडे तो भूकंप झाला. कामगारांच्या शेडवर अख्खा उतार आला. दादा सापडला नाही, नंतरही नाही. ज्याला मातीत ठेवायचं तोच नव्हता, म्हणून आपल्या घरी नुसता फोटो ठेवून बुद्धवंदना झाली. मोहफुलांचे दिवस होते. महिना उलटायच्या आत मॅडम आल्या, कारण भूकंपानंतरची मोजणी लगेच घ्यावी लागते. त्यांना आपल्या घरचं माहीत नव्हतं. कळल्यावर त्या सामान गाडीतच ठेवून परत निघाल्या, तर तूच म्हणालीस, “लावा जी मशीन. पहाड येथूनच मोजता ना तुमी?” दुसऱ्या दिवशी भर दुपारी गारा आल्या. मी मोहफुलं गोळा करायला धावले, आणि तू घरातलं लोखंडी घमेलं आणून त्या थाळीवर पालथं घातलंस. ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. मॅडमसोबतचा तरुण इंजिनिअर आल्या आल्या ओरडला, “घमेलं कोणी ठेवलं? आजचा दिवस पूर्ण वाया गेला!” तू म्हणालीस, “गारा पडून राहिल्या होत्या ना बाबू. त्याले उघडं कसं ठेवू?” मॅडमनी त्याला गप्प केलं आणि तुला म्हणाल्या, “काकू, त्याला आभाळ दिसावं लागतं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला. तू घमेलं स्वतःच्या डोक्यावर धरलंस आणि पाऊस थांबेपर्यंत त्या स्टँडपासून चार हातांवर बसून राहिलीस. मी बोलवायला आले तर म्हणालीस, “तू जाय. मी हाय येथं.”

त्या वेळी निघताना मॅडमना तू विचारलंस, “माहा पोरगा येथून किती दूर हाय?” त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, खूप दूर, पण दरवर्षी साधारण बोटभर अंतर कमी होतं. पुढे दर खेपेला त्या गाडीतून उतरल्या की तुझं पहिलं बोलणं हेच, “आला का जी बोटभर?” “आला काकू.” मग चहा. एका वर्षी मात्र तू विचारलंस, “तो काहून येते जवळ?” मॅडम खडकावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. जमीन खाली अडकून बसली आहे, मागून रेटा वाढतो आहे, ते बोटभर बोटभर साठतं, आणि एक दिवस अडकलेलं सुटतं, तोच भूकंप. तू म्हणालीस, “म्हणजे जवळ येते ते अखीन हलाले?” त्या म्हणाल्या, हो. तू हाताने मोहफुलं खालीवर करत राहिलीस, वाळलेलीसुद्धा. मग म्हणालीस, “मंग नको येऊ म्हणा त्याले. तेथं कोणाचं ना कोणाचं लेकरू असंनच.” त्यानंतर मॅडम आल्या, चहा झाला, पण तू ते पुन्हा विचारलं नाहीस. फार दिवस राहिलीही नाहीस.

तू नको म्हणालीस, माय, पण तो कधीचाच निघाला होता. ज्या मिनिटात तो गेला, त्याच मिनिटात त्याच्या पायाखालची जमीन आपल्या दिशेने आली. तू हयात असतीस तर मी हे तुला सांगितलं असतं का, ते मला ठरवता येत नाही.

येत्या आठवड्यात रस्ता रुंद करायला मशीन येईल आणि आपला खडक फुटेल. त्याआधी मॅडम येतील, शेवटची मोजणी घेतील, मग पलीकडच्या टेकडीवर नवा खिळा बसवतील. पहाडाखाली पुन्हा दाब साठतो आहे. पुढचा झटका येणार असं त्या ठामपणे सांगतात, तारीख कुणालाच सांगता येत नाही. तिकडची घरं आतापासून मजबूत करायला हवीत, असं मी आजच्या बातमीत लिहिलं, वेळेत दिलं, आणि मनापासून लिहिलं. त्यात तू नाहीस, दादाही नाही. पण तुझ्याजवळ कबूल करते, काल फोनवर ‘हातभर’ ऐकलं तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं.