वाघदरीच्या पठाराची तयारी

८ फेब्रुवारी, रविवार

गाडी आली! पनवेलच्या एका रिटायर्ड कंत्राटदाराची. तेरा वर्षांची आहे, पण बांधा काय! सात सीट, फोर बाय फोर, पत्रा असा की बोट आपटलं तर बोटच दुखतं. हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसते डबे. स्मितानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, अहो, हे धूड चालतं का? चालतं म्हणालो. पनवेलहून नेरुळपर्यंत टो करून आणलं हे खरं, पण तो बॅटरीचा किरकोळ विषय आहे.

उद्देश एकच. ऋताला गुवाहाटीला नोकरी लागलीय. १६ मेचं विमान, तीन वर्षांचा बाँड, सुट्ट्या नावाला. एकुलती एक पोरगी. ती जायच्या आत आम्ही बापलेक वाघदरीच्या पठारावर जाणार. दोन रात्री, तंबू, फक्त आम्ही दोघं. (स्मिताची पाठ दुखते, त्यामुळे ती नाही.) सांगितलं तर ऋता टुणकन उठून बसली. म्हणाली, बाबा, नक्की ना? नक्की म्हणजे नक्की! मेपर्यंत थांबतंय कोण? मार्चमध्येच उरकून टाकू.

१० फेब्रुवारी

माणूस सापडला. कुंदन, शिरवण्याचा. गावातल्या चार बिल्डिंगांचं भाडं खातो आणि मागच्या शेडमध्ये हौस म्हणून गाड्या खोलतो. पैशाचा भुकेला नाही, हीच जमेची बाजू. म्हणाला, काका, टेन्शन नको, इंजिन मख्खन हाय, जरा खोलून बगतो. किती दिवस विचारलं तर म्हणाला, कसले दिवस, झालीच समजा.

झालीच समजतोय.

२२ फेब्रुवारी

गाडी खोलली. पूर्ण. शेडमध्ये पसरलेले पार्ट बघून मन भरून आलं. तळोज्याच्या ऑफिसात पंचवीस वर्षं व्हाउचर तपासली, पण आतून मी मेकॅनिकच आहे हे आज कळलं. एक पाना हातात घेतला. कुंदननं तो काढून घेतला.

कालपासून स्वस्थ बसवत नाही. जेवताना उठून इंटरनेटवर विंच बघितली. विंच म्हणजे चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायची तारेची चरखी. घ्यावीच लागेल.

१ मार्च

स्नॉर्केल आलं. बॉनेटच्या बाजूनं टपापर्यंत जाणारं काळं नळकांडं. नदीतून गाडी नेताना इंजिनाला वरून हवा मिळते. स्मितानं विचारलं, कुठली नदी? वाघदरीला नदी नाहीये असंही म्हणाली. नकाशा बघितला असणार. तयारी म्हणजे काय हे बायकांना समजावून सांगणं कठीण.

इंजिन अजून जमिनीवरच आहे. तोवर लाइट बार मागवला, टपावर लावायची दिव्यांची पट्टी.

१९ मार्च, पाडवा

सकाळी साडेसातला शेडवर. गाडीची पूजा करायची म्हणून हार नेला होता. बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्याचीच पूजा केली. नारळ फोडायला चाक शोधलं, चाकंही काढलेली होती. मुहूर्त चुकला नाही हे महत्त्वाचं.

ऋता आली होती बरोबर. रिकाम्या गाडीत, म्हणजे पुढच्या दोन सीट होत्या तेवढ्यात, आम्ही दोघं बसलो आणि थर्मासमधला चहा प्यायलो. छान बोलत होती. ऑफिसबद्दल, तिथल्या पावसाबद्दल, थोडी भीती वाटतेय म्हणाली. मी म्हणालो, एक मिनिट, आणि कुंदनला ब्रेक लायनरचं विचारून आलो. परत आलो तेव्हा ती मोबाइल बघत होती.

मार्च जरा घाईचाच होता. एप्रिल पक्का.

५ एप्रिल, रविवार

कुंदन नाही. हळद.

मागच्या रविवारीही हळद होती. बुधवारी लग्न, शुक्रवारी पुन्हा हळद. झापलंच आज फोनवर. म्हटलं, कुंदन, मुलगी चाललीय माझी, घाई आहे मला, समजतंय का? तो शांतपणे म्हणाला, काका, १७ मेपासून अधिक म्हयना हाय. महिनाभर लग्नं बंद, म्हणून सगळ्या गावानं लग्नं आधीच काढलीत. भाऊबंदांत नाय गेलो तर माज्या लग्नाला कोन येल? त्याचं लग्न होऊन दहा वर्षं झालीत. पण मुद्दा बिनतोड वाटला तेव्हा.

मलाच हळदीला बोलावलं. गेलो. संबंध राखणं हाही प्रोजेक्टचा भाग आहे. मटण फर्स्ट क्लास. नाचलोही. घरी आल्यावर स्मिता शर्टवरची हळद बघत होती. गाडीचं ऑइल लागलं म्हणालो.

१२ एप्रिल

मोठी प्रगती. इंजिन बसलं आणि सुरू झालं! फोर बाय फोरचा डबा मात्र गळतोय. पुढच्या चाकांना जोर देणारा गिअरचा डबा, म्हणजे गाडीचा जीवच. तो उघडायला लागेल.

ऋताला रात्रीच्या जेवणावर नीट समजावून सांगितलं. या डब्यात एक 'फोर-लो' असतो. तो लावला की चारही चाकांना राक्षसी जोर आणि वेग मुंगीचा. खडा चढ असो, दगड असोत, गाडी आपली सरकत जाते. पण तो फक्त माती, चिखल, वाळू यांच्यावर. कडक रस्त्यावर फोर-लो लावून वळायचं नाही, आतले गिअर तुटतात. अडाणी लोक तिथेच चुकतात, असंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, आपण घरातली छोटी गाडी घेऊन जाऊ या का? रस्ता संपेल तिथे लावू, पुढे चालू. उद्यासुद्धा जाता येईल.

हसलो. हॅचबॅक घेऊन वाघदरी! लोक काय म्हणतील? पोरीला वाटतंय बाबाला त्रास होतोय. तिला काय माहीत, मी हे सगळं तिच्यासाठीच करतोय.

ठराव: उद्यापासून चिडायचं नाही.

१३ एप्रिल

चिडलो.

२६ एप्रिल

गाडी चार इंच उचलली. वर दांडगे टायर. आता ती उभी राहिली की सोसायटीतल्या बाकीच्या गाड्या खेळण्यातल्या वाटतात. चढायला प्लास्टिकचं स्टूल लागतं. चढल्यावर स्टूल खालीच राहतं, ते वॉचमन देतो. यावर उपाय शोधायचाय.

काल ट्रायल म्हणून गाडी घेऊन ऑफिसला, तळोज्याला गेलो. एमआयडीसीतले खड्डे एकापाठोपाठ एक घेतले. ट्रेलरवाले वळून बघत होते. दोन-तीन वेळा गाडी आपणहून डावीकडे गेली, पण तिकडे खड्डाच होता, म्हणजे तिची निवड योग्य होती.

ऋता विचारत होती, या आठवड्यात निघायचं का? म्हटलं, रूफ रॅक येऊ दे. ती बरं म्हणाली. हल्ली लगेच बरं म्हणते. समजूतदार झालीय.

७ मे, गुरुवार

झाली! गाडी झाली! डबा बसला, गळती बंद, फोर-लो खटकन लागतो. विंच, लाइट बार, स्नॉर्केल, रॅक, सगळं जागेवर. रस्त्यावर काढायला हात धजत नाही इतकी देखणी दिसते. शनिवारी पहाटे पाचला निघायचं. शनिवार, रविवार मुक्काम, सोमवारी परत. मी रजा टाकली. ऋतानं सॅक भरून दारात ठेवली. लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी ठेवायची तशीच. तिला इतकं खूश बघून किती दिवस झाले.

संध्याकाळी कुंदनचा फोन. त्याच्या चुलतभावाची वरात उद्या. नवरदेवासाठी ठरवलेली उघडी जीप ऐन वेळी आली नाही. काका, तुमची गाडी म्हंजी राजाची गाडी हाय, आनि चालवायची तुमीच, दुसऱ्याच्या हातात शोभायची नाय. फेटाही बांधणार म्हणाला.

आता माणूस इतकं म्हणतो तेव्हा नाही कसं म्हणायचं? शुक्रवारी संध्याकाळची वरात, नऊला मोकळा, पाचला वाघदरी. ऋता म्हणाली, बाबा, नको ना, काहीतरी होईल. पोरीची जात काळजी करते. तिला म्हटलं, हा वॉर्म-अप आहे.

८ मे, दुपारी ४

फेटा बांधला. आरशात बघितलं. विषय संपला.

९ मे, सकाळी ७

लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण चैन पडत नाही.

सुरुवात उत्तम झाली. टपावरच्या रॅकवर नवरदेव, पुढे डीजे, त्यापुढे अख्खं शिरवणे नाचतंय. वरातीचा वेग असा की पहिला गिअरसुद्धा धावतो. क्लच दाबून दाबून माझ्या पोटरीत गोळे आले. तेव्हा मला सुचलं. फोर-लो! खटकन लावला. काय सांगू! पाय मोकळे, गाडी आपली सरकतेय, मी खिडकीतून हात हलवतोय. एका बाईंनी मलाही ओवाळलं.

मग गावदेवीच्या देवळाकडचं वळण आलं. सिमेंटची गल्ली. मी वळवली. खालून कडकड आवाज आला, मला वाटलं डीजे. परत कडकड. मग एक दणका, आणि गाडी तिथेच बसली. मागे नाही, पुढे नाही. नियम मला माहीत होता. मीच शिकवला होता. पण तो डोंगराचा नियम, वरातीबद्दल कुठल्याही व्हिडिओत काही सांगितलेलं नाही.

वऱ्हाडानं ढकलली. नवरदेव खाली उतरला आणि त्यानंही एक हात लावला. कुणीतरी ओरडलं, विंच लावा! पण ओढायला बांधणार कशाला, नवरीच्या मांडवाला?

आज पहाटे पाचला ऋता बूट घालून हॉलमध्ये बसलेली. मी म्हणालो, कुंदन दहापर्यंत येतोय, दुपारी निघू. ती म्हणाली, बाबा, छोटी गाडी आहे, चल ना. पुन्हा म्हणाली. मग स्मिताही म्हणाली, अहो, चला, मीही येते, पाठीचं बघू. मी म्हणालो, तुम्ही दोघी पुढे व्हा, मी गाडी घेऊन मागून आलोच. ऋता दारात जरा वेळ थांबली होती.

९ मे, दुपारी ३

शेडवर बसलोय. कुंदन झोपलाय. काल फार नाचला.

१० मे, रविवार

कुंदन मांडव सोडवायला गेलाय. संध्याकाळी नक्की बघतो म्हणाला.

ऋताचे फोटो आले. पठारावर आपली हॅचबॅक उभी. वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय म्हणे, मागच्याच वर्षी. डांबरी रस्त्यानं जाण्यात काय गंमत? स्मिता कड्याजवळ मांडी घालून बसलीय, पाठ ताठ, हातात चहा. इतकी हसताना तिला मी कधी बघितलं होतं ते आठवेना. तिसरा फोटो तंबूच्या आतला. तीन मॅट अंथरलेल्या. खाली ऋतानं लिहिलं होतं, रात्री वाट बघितली, बाबा, तुझी मॅट घालून ठेवली होती.

आत्ता रिक्षा करून जाता येईल का? एसटीनं? उठलो, चपला घातल्या. मग वाटलं, एवढ्यात कुंदन आला तर? बसलो परत.

आला नाही.

१६ मे, शनिवार

ऋताला उलव्याच्या एअरपोर्टवर सोडून आलो. छोट्या गाडीनंच. ऋताची बॅग डिकीत बसली, काही अडचण आली नाही.

एअरपोर्टवर पोचेपर्यंत मी तिला सांगत होतो की मोठ्या गाडीचं काम कुठवर आलंय. ती हं हं करत होती. गेटपाशी मिठी मारून म्हणाली, बाबा, जेवत जा वेळेवर, शेडवर तसाच बसू नकोस. मी म्हणालो, पुढच्या सुट्टीत वाघदरी पक्की. ती म्हणाली, बरं.

आत गेली. वळून हात केला. मी चावी काढली पण गाडी चालवता येईना, डोळ्यांपुढे काही दिसेना. स्मितानं चावी घेतली. रडलो, सबंध खाडीपुलावरून नेरुळ येईपर्यंत रडलो. लिहून ठेवतो, वाचणारं कोण आहे. फेब्रुवारीपासून पोरगी इथेच होती, शेजारच्या खोलीत. रोज संध्याकाळी. मी शिरवण्याला होतो.

१७ मे, रविवार

सकाळी सकाळी कुंदनचा फोन. अधिक महिना लागला, लग्नं बंद, हळद नाय, काय नाय, आता मोकलाच हाय मी. डबा आजच उतरवतो म्हणाला, बुधवारपर्यंत गाडी तुमच्या दारात, काका, आई शप्पथ. तुमाला घाई हाय ते म्हाईत हाय मना.

मी म्हणालो, नाही रे, आता काही घाई नाही.