टेपचे दुमडलेले टोक

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा मोटार दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, आधी दोनदा कच्चे आणि आता पक्के लिहीत आहे. खाडाखोड आढळल्यास ती माझीच समजावी आणि तिच्याशेजारी माझी छोटी सही शोधावी.

परवा मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. कशाला घाबरतोस?" मी उरलेल्या तिघांचा विचार करत बसतो. स्वभावाला औषध नाही असे काकू म्हणते. म्हणून हे लिहिणे.

१. माझे बँकेतले जे काही असेल ते माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. तिने ते शिक्षणाला वापरावे. मला शाळा अर्धी सोडावी लागली त्याचे वाईट वाटत नाही, पण घरात एकाने तरी पूर्ण करावी.

२. माझी हत्यारे गॅरेजमधल्या सोबत्याला द्यावीत, ज्याला आम्ही सगळे 'उद्या देतो' म्हणतो. माझा चौदा नंबरचा पाना दोन वर्षांपूर्वी त्याने 'उद्या देतो' म्हणून नेला. तो त्याने परत करून संच पूर्ण करावा आणि मग सगळा संच स्वतःच घेऊन जावा. रागाचा विषय इथे संपला. माझा दम लागायला लागल्यापासून जड चाके त्यानेच उचलली आणि एकदाही बोलून दाखवले नाही.

३. माझा शब्दकोश गॅरेजच्या मालकांना. त्यांनीच मला काम शिकवले. "अरे, बिलावर शुद्धलेखन कसलं बघतोस? गाडी चालू झाली की गिऱ्हाईक खूश," असे ते म्हणत, पण अवघड शब्द आला की हाक मलाच मारत. आता पान उलटून बघावे. पाटीवरचा 'दुरूस्ती' हा शब्द मात्र लवकर रंगवून घ्यावा ही विनंती.

४. माझी निळी गाडी बहिणीला. दरवाजा आपटू नये, दोन बोटांनी लावला तरी लागतो. तो तसा का लागतो हे सांगायचे तर थोडे लांबून सांगावे लागेल. मृत्युपत्रात हे बसते का, असे मी दस्त लिहिणाऱ्या कारकुनाला विचारले. तो म्हणाला, "कागद तुमचा, मरणार तुम्ही. लिहा की." मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे तसं नाही हो."

ही गाडी आधी बाबांची होती. बाबांनी मोटारींच्या मोठ्या कारखान्यात सव्वीस वर्षे दरवाजे बसवले. कारखाना परदेशी कंपनीचा, पण गावातली निम्मी घरे त्यावर चालत. दरवाजा बसवला की बाबा फटीवरून अंगठा फिरवत आणि आत पिवळ्या खडूने आपला आकडा लिहीत, सत्तावीस; या निळ्या गाडीतही तो आहे. आठ वर्षांपूर्वी कारखान्याला टाळे लागले. त्याच महिन्यात काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, नवी गाडी घेतली. काकांनी जन्मभर शाळेची बस चालवली होती, ही त्यांची पहिली स्वतःची गाडी. तिच्यावर आपल्या देशातल्या कंपनीचे चिन्ह होते. पेढीवाला, वाणी, शेजारी, सगळे फाटकापाशी बघायला जमले होते.

बाबांनी दरवाजा उघडून लावून पाहिला. म्हणाले, "छान आहे, दादा. फक्त आवाज जरा पोकळ येतो."

काका भडकले. "तू जन्मभर परक्यांच्या गाड्यांना दारं लावलीस. ही बघ, ही आपली गाडी. तुमच्यासारख्यांनी परक्यांची चाकरी केली, म्हणून तर टाळं लागलं."

"तुझी गाडी बोटीतून उतरलीय, दादा. अख्खीच्या अख्खी. चिन्ह तेवढं आपलं."

"आणि तुझी?"

"माझी या हातांनी झालीय."

त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. घरे एका गल्लीत आहेत. एक येताना दिसला की दुसरा चपलेचा पट्टा बघत बसतो.

कोणाचे बरोबर, याने माझी झोप उडाली. मी निळी गाडी सुट्टीच्या दिवशी उघडली आणि कुठला भाग कुठून आला ते वहीत लिहिले. एकेचाळीस भागांची यादी झाली. इंजिन एका देशाचे, काच दुसऱ्याची, आसनाचे कापड तिसऱ्याचे. जोडणी तेवढी इथली. म्हणजे बाबांची गाडी भागांवरून काही आपली ठरेना. काकांच्या गाडीची यादी करायची संधी गेल्या महिन्यात आली, त्यांच्या खिडकीची काच अडकली तेव्हा. भावाशी अबोला असला तरी गाडी काका माझ्याकडेच आणतात. तिथेही तीच गत. कंपनी इथली, पण जोडणी समुद्रापलीकडची, भाग दहा देशांचे.

मग काकांच्या गाडीच्या दरवाजाचे आतले आवरण काढले आणि हात थांबला. आत वायरिंगची जुडी काळ्या टेपने गुंडाळलेली होती आणि टेपचे टोक कानासारखे दुमडलेले होते.

आमच्या घरात टेप लावलेली प्रत्येक वस्तू अशी असते. माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून माझा डबा, माझी पुस्तके, बहिणीच्या बाहुलीचा तुटलेला हात, सगळे काकूने बांधले, आणि दर वेळी टोक दुमडून. अबोला सुरू झाल्यावरही ती मागच्या दाराने येत राहिली. दोन गल्ल्या सोडून वायरिंगचे वर्कशॉप आहे, तिथे ती एकोणीस वर्षे टेप गुंडाळते. खोकी बोटीने बाहेर जातात, कुठे जातात ते तिला कोणी सांगत नाही.

मी तिला गाडीचे न सांगता नुसते विचारले, "तिथेही तू टोक दुमडतेस का गं?"

"दुमडते की. साहेब ओरडतो, बाई, नियमात नाही. मी म्हणते, उद्या कुणाला उघडायचं झालं तर नख घालून रडत बसायचं का त्यानं?"

"दुसरी कोणी करते?"

"कोण करतंय! सगळ्या हसतात मला. का रे?"

"सहज," मी म्हणालो. जुडीला चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर टेबलाचा आकडा होता, अकरा. काकूचे टेबल अकरा नंबरचे आहे.

तेव्हा माझा हिशोब असा. भाग मोजून कोणतीच गाडी आपली निघत नाही. आपल्या घरातले माणूस मात्र दोन्ही गाड्यांत आहे, एकीत पिवळ्या खडूने, दुसरीत काळ्या टेपने. हे मी अजून कोणालाच सांगितलेले नाही. काकांच्या दरवाजाचे आवरण मी मुद्दाम दोनच स्क्रूंवर ठेवले आहे.

५. काकूला मी कागदावर काही देऊ शकत नाही. कारण पुढच्या कलमात कळेल. म्हणून आईची शाल काल तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळी परत घेऊन जा, थंडी आहे." एवढ्या वर्षांच्या डब्यांचे आभार मला तोंडाने मानता आले नाहीत. ते इथे मानतो.

६. बाबांना आणि काकांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. एक पानासुद्धा नाही. कारकून म्हणाला की साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही मिळालेले चालत नाही, साक्षीदार कोरा हवा. आणि दोन्ही साक्षीदारांनी एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकांसमोर सही करायची. हा नियम मी त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतला. दोघांनाही साक्षीदार म्हणून आज अकरा वाजता बोलावले आहे. दुसरा कोण येणार हे दोघांनाही माहीत नाही. सहीआधी चौथे कलम मोठ्याने वाचावे.

नोंद, सह्यांपूर्वी लिहिलेली: दोघे आले. दोघेही उठून जायला निघाले होते, मी छातीवर हात ठेवला तेव्हा बसले. (दुखत नव्हते. हे खरे लिहिणे भाग आहे.) कलम चार काकांनी वाचले. "कानासारखे" या शब्दापाशी थांबले, टॉर्च मागितला आणि खाली आपल्या गाडीपाशी गेले. थोड्या वेळाने बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. मी खिडकीत उभा होतो.

बराच वेळ दोघांची डोकी दरवाजात होती. मग काकांचा आवाज आला, "आठ वर्षं हिच्याच हाताच्या गाडीत फिरवलं हिला, आणि मला पत्ता नाही."

बाबांनी दरवाजा लावला, उघडला, परत लावला. फटीवरून अंगठा फिरवला. "बिजागरी खाली बसलीय, दादा. म्हणून पोकळ वाजतं. मंगळवारनंतर बसवून देतो."

"मंगळवारी पोराला कशातून न्यायचं? आजच बसव."

सह्या आता होतील. दोघांच्या हाताला ग्रीस आहे, म्हणून कागदावर डाग पडतील. ते खाडाखोड समजू नयेत.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: सतरा, रविवार, दुपारी पावणेदोन

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: लिहून देणाऱ्याचे वडील, दरवाजा विभाग, आकडा सत्तावीस (सही)
साक्षीदार २: त्यांचे थोरले भाऊ, मंगळवारचे ड्रायव्हर (सही)