न उकळलेल्या सुयांचा मेमो मिळणेबाबत

संदर्भ :
१) पितळी घागर एक, झाकणासह.
२) हजेरीपटावरील अनुक्रमांक ११२ वर ओढलेली तांबडी रेघ.
३) आरोग्य केंद्राचा फलक. जुन्या जिल्ह्याचे नाव चुन्याने पुसून वर नव्या जिल्ह्याचे लिहिले आहे. ऊन कलले की दोन्ही वाचता येतात.
४) बिस्किटांचा पुडा, न फोडलेला.
५) आपल्या कार्यालयाचा मेमो, दिनांक १९ मे १९८३.

(संदर्भ विषयानंतर देण्याची रीत अर्जदाराला माहीत आहे. येथे आधी दिले, कारण विषय कोणता यावरच मतभेद आहे.)

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
आरोग्य विभाग, नवा जिल्हा.

अर्जदार : पंचफुला व्यंकटी सोनकांबळे, परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, ढवळेवाडी.

विषय : चहाचा मेमो रद्द करून सुयांचा मेमो देणेबाबत.

महोदय,

१. मेमोने अर्जदारावर तीन दोषारोप ठेवले आहेत. एक, २ मे रोजी तपासणी पथकासाठी राखून ठेवलेल्या घागरीस तिने विनापरवानगी हात लावला. दोन, त्यातील पाणी अन्य कामी खर्च केले. तीन, त्यामुळे पथकातील चार अधिकाऱ्यांना चहा मिळू शकला नाही व केंद्राची प्रतिमा मलिन झाली. तिन्ही गोष्टी घडल्या आहेत. चहाअभावी चौघांपैकी कोणास ग्लानी आल्याची नोंद केंद्राच्या वहीत नाही. आली असल्यास अर्जदार दिलगीर आहे.

२. आता 'अन्य काम' कोणते, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. केंद्राची विहीर संक्रांतीलाच आटली. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, म्हणजे आला तर येतो. अशात एप्रिलमध्ये गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर कॉलऱ्याच्या लशीचा कॅम्प लागला. लस टोचल्याशिवाय हजेरीपटावर नाव नाही, असा हुकूम होता. १८ ते २८ एप्रिल, अकरा दिवस, रोज शंभर-सव्वाशे माणसांचे दंड. काचेच्या सिरिंजा आणि सुया टोचण्याआधी वीस मिनिटे उकळाव्या लागतात, हे आपणास माहीत असेलच. उकळायला पाणी नव्हते, हे माहीत नसावे.

३. पहिल्याच दिवशी अर्जदाराने केंद्राचे वैद्यकीय अधिकारी डॉ. अमृतराव येरोळकर यांना विचारले, काय करू? उत्तर तोंडी मिळाले, म्हणून जसेच्या तसे उतरवते आहे. "सिस्टर, स्पिरिटचा बोळा फिरवा अन् पुढचा माणूस बोलवा. लोकं उन्हात उभे हैत अन् तुम्ही शास्त्र सांगून राहिल्या. वहीत 'उकळलं' म्हणून लिहा." अर्जदाराने हा आदेश लेखी मागितला. डॉक्टरसाहेब मनापासून हसले. "लेखी? नव्या जिल्ह्यात अजून कागद तरी पोचलाय का?"

४. (हा मुद्दा डॉक्टरसाहेबांच्या लेखी आदेशासाठी राखून ठेवला आहे. कोरा आहे. तसाच वाचावा.)

५. अर्जदाराने लिहिले. 'सुया उकळल्या : होय', आणि खाली सही. अकरा दिवस, अकरा सह्या. नांदेडला प्रशिक्षणात तिच्या मेट्रन गौरम्मा वर्गात टेबलावर बोट आपटून सांगत, "सही तुझी असली की सुई पण तुझी. साहेबानं सांगितलं म्हणून केलं, हे कोर्टात चालत नाही, अन् माझ्यापुढं तर मुळीच चालत नाही." परीक्षेत या प्रश्नाला अर्जदारास दहापैकी नऊ गुण होते. बोळा फिरवताना ते नऊही गुण तिच्यापाशी होते.

७. (सहावा मुद्दा अर्जदाराने दोनदा लिहून फाडला. त्यात ती स्वतःची बाजू मांडत होती.)

पारूबाई दगडोबा ढगे, वय अंदाजे चाळीस, हजेरीपट क्रमांक ११२, काम खडी फोडणे. हिला २१ एप्रिल रोजी उजव्या दंडात लस दिली. २ मे रोजी सकाळी ती केंद्राच्या पायरीवर येऊन बसली. दंड मांडीएवढा सुजलेला, कातडी तकतकीत, अंगात ताप. पदर बाजूला करून ती म्हणाली, "बाई, बघा. तुमची सुई अजून आतच हाय जणू."

डॉक्टरसाहेब त्या वेळी हार घेऊन फाट्यावर पथकाची वाट पाहत होते. गळू फाडणे अर्जदाराच्या अधिकारात नाही. तिने फाडले नाही. अशा रुग्णास पेनिसिलिन सुरू करावे हा केंद्राचा स्थायी आदेश आहे, आणि तो भिंतीवर लेखी आहे. सुई उकळणे भाग होते. केंद्रात पाणी एकाच ठिकाणी होते : शिपाई चन्नबसप्पा याने पहाटे सायकलला बांधून आणलेल्या पितळी घागरीत, साहेबलोकांच्या चहासाठी. अर्जदाराने झाकण काढले.

"अक्का! ते साहेबाचं पाणी हाय," चन्नबसप्पा धावत आला. "माझी नोकरी जाईल की."

"तुझी नाही जायची, माझी जाईल. तू स्टोव्ह पेटव."

स्टोव्ह कोणी पेटवला हे मेमोत विचारलेले नाही. अर्जदारही सांगत नाही.

उकळी फुटेपर्यंत पारूबाई त्या भांड्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "आज उकळून राहिल्या. तवा न्हाई उकळली. म्हंजे तवा बी तुमाला ठाऊक होतं." अर्जदाराने आधी चाचणीचा थेंब टोचला, वेळ मोजला आणि नंतर पूर्ण मात्रा दिली. तिच्या त्या वाक्यापेक्षा या मेमोला उत्तर देणे फार सोपे आहे.

८. पथक अकरा वाजता आले. फलक रंगवला आहे की नाही ते पाहिले, वह्या पाहिल्या, 'सुया उकळल्या : होय' या अकरा नोंदींवर शेरा मारला : 'समाधानकारक'. त्यानंतर चहा नसल्याचे निष्पन्न झाले. बिस्किटांचा पुडा पथकाने सोबत घेतला. जीप लातूरला गेली. मागे एका माणसाची जागा रिकामी होती. पारूबाईही त्याच दिवशी, त्याच रस्त्याने लातूरच्या दवाखान्यात गेली. ती एसटीने गेली, उभ्याने.

९. अर्जदारास दोषारोप क्रमांक एक नीट कळलेला नाही. पाणी वापरले हा दुसरा दोषारोप आहे. मग पहिला कशाचा? घागर फुटली नाही, चेपली नाही, हरवली नाही. 'हात लावला' एवढाच त्यातला मजकूर आहे. ते पाणी पाटलांच्या विहिरीचे होते. त्या विहिरीवर चन्नबसप्पा जातो, अर्जदार जात नाही. का जात नाही, हे सांगण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागू नये. पाण्याचा गैरवापर हा गुन्हा असेल तर तो सेवानियमांत बसतो, व अर्जदार शिक्षेस तयार आहे. पण तिचा हात घागरीला लागला हाच गुन्हा असेल, तर तो वेगळ्या कायद्यात बसतो, आणि त्या कायद्यात आरोपी मेमो लिहिणारा असतो. नेमके कोणते कलम ते कृपया कळवावे, म्हणजे कोणी कोणाला मेमो द्यायचा हे ठरवता येईल.

१०. मेमोवर शिक्का जुन्या जिल्ह्याचा आहे. निलंग्याचे एक वकील म्हणाले, "बाई, एवढ्या मुद्द्यावर उडवून देऊ." अर्जदारास मेमो उडवायचा नाही. तिला तो दुरुस्त करून हवा आहे.

११. पारूबाईचे गळू लातूरला फाडले. जीव वाचला, हात खांद्याच्या वर जात नाही. डॉ. येरोळकर यांनी तिच्या दाखल्यावर लिहिले : 'गावठी लेप लावल्याने जखम चिघळली. कामास अपात्र.' लेप कोणी पाहिला नाही. जखम कुठून आली हे दाखल्यात नाही. सरकारच्या कामावर, सरकारच्या सक्तीने, सरकारच्या सुईने झालेली इजा असती, तर तिला बसून करायचे काम देणे भाग होते : पाणी वाटणे, कामावरच्या बायांची लेकरे सांभाळणे. लेपाने झालेली असल्यामुळे ११२ क्रमांकावर तांबडी रेघ आली. हजेरी लिहिणारा कारकून म्हणाला, "मावशी, एका हातानं खडी कशी फोडशील?" पारूबाई म्हणाली, "तू दोन हातानं काय फोडून राहिला रे? सावलीत बसून रेघाच मारतूस की." रेघ मात्र तशीच राहिली. या दुष्काळात गावात दुसरे काम नाही, आणि तिच्या चुलीला दुसरा आधार नाही.

१२. डॉक्टरसाहेबांनी अर्जदारासाठी माफीनामा तयार ठेवला आहे. 'नजरचुकीने घागरीस हात लागला.' ३० जूनपूर्वी त्यावर सही केली तर प्रकरण मिटेल आणि तीन वर्षे हंगामी असलेली अर्जदार कायम होईल. न केल्यास सेवा समाप्त. "सिस्टर, तुम्ही शहाण्या हैत," डॉक्टरसाहेब म्हणाले, "दोन ओळींचं काम हाय." दोन ओळी नव्हे, 'होय' या एका शब्दाचे काम अर्जदाराने अकरा वेळा केले आहे. तिची बारावी सही त्यांना मिळणार नाही.

१३. तरी विनंती, की चालू मेमो रद्द करून पुढील मजकुराचा मेमो द्यावा. मसुदा अर्जदारानेच केला आहे, म्हणजे कार्यालयास तसदी नको : 'आपण १८ ते २८ एप्रिल या काळात, सुया उकळलेल्या नाहीत हे माहीत असताना, त्या टोचल्या, व उकळल्याची खोटी नोंद केली. त्यामुळे पारूबाई दगडोबा ढगे हिचा उजवा हात निकामी झाला. आपली सेवा व परिचारिका परिषदेकडील नोंदणी का रद्द करू नये?' याच मजकुराची एक प्रत, 'टोचल्या' या जागी 'टोचण्यास सांगितले' असा बदल करून, डॉ. येरोळकर यांना द्यावी. आणि या मेमोच्या आधारे पारूबाईचा दाखला बदलून ११२ वरची रेघ काढावी. क्रम उलटा झाला तरी चालेल. आधी रेघ काढली तर अधिक बरे. अर्जदार जे होईल ते भोगेल. मुदखेडला तिची आई आहे. तिला अजून काही कळवलेले नाही.

नम्रतेचे शब्द कमी पडले असल्यास ते कार्यालयाने आपल्या बाजूने घालून घ्यावेत.

सही
(पंचफुला व्यंकटी सोनकांबळे)
ढवळेवाडी, दिनांक २७ जून १९८३

सोबत :
अ) मेमोची नक्कल.
ब) नोंदवहीच्या अकरा पानांच्या नकला, अर्जदाराच्या सह्यांसह.
क) माफीनामा, सहीविना.

ता. क. २१ एप्रिल रोजी पारूबाई ठणठणीत होती. तिने लस नको म्हणून हात मागे घेतला होता. तो अर्जदाराने ओढून धरला.