बंद घराचा वाटा

करंजाडे, पनवेल
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, तूही ठीक असशील. एवढं लिहिलं की पत्राची रीत झाली. आता कामाचं बोलते.

तुझा पत्ता तुझ्या कामावरच्या परेशने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याचं डोकं इतकं खाल्लं की बिचाऱ्याने माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून दिला. तू माझा फोन घेत नाहीस, मेसेज तर तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून हा कागद. रत्नागिरीला पत्र किती दिवसांत जातं ते पोस्टातल्या बाईंनाही छातीठोक सांगता आलं नाही. लवकर मिळू दे. माझ्याकडे वेळ कमी आहे आणि त्या विचाराने मला कशातच लक्ष लागत नाही. परवा क्लासमध्ये नववीच्या पोरांना मी दहावीचं गणित घातलं आणि वर त्यांनाच रागावले.

काम मोबाइलवरच्या 'धर्मद्वीप'चं आहे. हसायचं तर हस. या खेळात मला तूच ओढलंस, टोळी तूच काढलीस आणि तू गेल्यावर मुकादमकी माझ्या गळ्यात पडली. दर रविवारी आपली टोळी जमते, एखादा राक्षस मारते आणि त्याचा माल मी सगळ्यांना वाटते. हे चालू होतं आणि बरं चाललं होतं.

गणपतीनंतर कंपनीने खेळ बदलला. आधी ते 'सत्त्व' म्हणजे शोभेचा आकडा होता, भिकाऱ्याला भाकरी दिली की वाढायचा, कुणाला लुटलं की उतरायचा. आता त्या आकड्यावरच सगळं. तो शून्याखाली गेला की माणूस 'कलंकित'. कपाळावर काळा डाग येतो, दुकानदार माल देत नाही, आणि दुसऱ्या खेळाडूंशी एक अक्षर बोलता येत नाही. तर दादा, तुझी बहीण कलंकित झाली आहे.

गुन्हा काय, तर 'माल दडवणे'. मी एका पेटाऱ्यात दर आठवड्याला माल टाकत गेले आणि त्या पेटाऱ्याच्या मालकाने तो कधी उघडला नाही. म्हणजे मी तिथे लपवाछपवी करते, असं त्यांच्या यंत्राने ठरवलं.

तो पेटारा तुझा आहे.

यावर तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय, पण आधी माझं ऐक. तुला तो बंदरावरचा दाढीवाला आठवतो? नव्या पोरांच्या होड्या जाळणारा? त्याचं सत्त्व आजही शंभराच्या वर आहे. दिवसभर लुटतो, संध्याकाळी देवळासमोर कबुतरांना दाणे टाकतो, की पुन्हा धुतल्या तांदळासारखा. आणि मी कुणाचं काही घेतलं नाही, उलट दिलं, तर मी पापी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मदत केंद्राला लिहिलं. तिथे 'सखी' नावाची कुणी उत्तर देते. ती बाई आहे की यंत्र, कळत नाही. म्हणाली, तुमच्या भावना आम्हाला समजतात. मी पुन्हा लिहिलं, की आमच्याकडे वाटपाची एक पद्धत आहे, जो हजर नाही त्याचाही वाटा काढतात. उत्तर आलं, तुमच्या भावना आम्हाला समजतात. तिसऱ्यांदा मी जरा तिखट लिहिलं, तर उद्धटपणाबद्दल सत्त्व आणखी कापलं.

शेवटी एवढं कळलं: शुक्रवार, एकवीस तारखेच्या संध्याकाळी माझं खातं कायमचं बंद होणार. ते वाचवायचं तर पेटाऱ्याच्या मालकाने स्वतः येऊन पेटारा उघडायचा आणि 'भेट स्वीकारली' हे बटण दाबायचं. बस. माझ्याशी बोलायची गरज नाही. मी कलंकित असल्यामुळे तुला बोलता येणारही नाही, तेव्हा तुझी सोयच आहे.

एवढं कर. खेळासाठी इतका जीव का टाकते, असं वाटेल. वाटू दे.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते.

तुझी,
भाविका


करंजाडे
रविवार, १६ नोव्हेंबर

दादा,

पत्र मिळालं का? परेश म्हणतो पत्ता बरोबर आहे. मग मिळालं असणार आणि तू वाचलं नसशील, किंवा वाचून ठेवून दिलं असशील. मला तिसरीच भीती वाटतेय, म्हणून आज सरळ लिहिते. मागच्या पत्रात मी गोल गोल फिरले.

मला खात्याचं काही पडलेलं नाही. राक्षस मारून मारून मी कंटाळले आहे.

खेळात तुझ्या घराच्या दारात दिवा आहे. तू आत आलास की तो लागतो, गेलास की विझतो, आणि तो फक्त टोळीतल्या लोकांना दिसतो. तुझ्या हे लक्षात आलं नसेल. स्वतःच्याच साखरपुड्याच्या दिवशी तू हॉलवर आला नाहीस, फोन बंद केलास, तेव्हापासून तू जिवंत आहेस हे आम्हाला त्या दिव्याने सांगितलं. कधी दुपारी लागायचा, थोडा वेळ राहायचा. तू काही करायचा नाहीस, कुठे जायचा नाहीस. नुसता घरात बसायचास. मी आईला येऊन सांगायचे, "दिवा लागला होता," आणि आई जेवायची. खातं बंद झालं की मी टोळीतून जाईन, मग मला दिवा दिसणार नाही. आईला मी काय सांगू?

आणि गेल्या रविवारपासून तो लागलेलाच नाही. माझ्या पत्राने तू चिडून खेळच सोडलास की काय, की आजारी आहेस, हे दोनच विचार डोक्यात फिरतायत. परेश म्हणतो कामावर येतो, बरा आहे. पण परेश मला गप्प करायला काहीही सांगेल.

आता वाट्याचं. तो वाटा मी माझ्या मनाने काढत नव्हते.

तुला आपलं जुनं गाव उठायच्या आधीचं तळं आठवत असेल. पावसाच्या आधी गावकी ते एकदा जाळं टाकून मारायची, आणि मासळीचे तरटावर वाटे लागायचे, घरटी एक. जे घर कुलूप लावून मुंबईला गेलं असेल त्याचाही वाटा लागायचा, आणि शेजाऱ्याने तो खारवून ठेवायचा. ते घर परत आलं की वाटा घ्यायचं आणि भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं. आपल्याकडून जाताना भांड्यात मीठ असायचं, कारण आपण मिठागरवाले. तळं भरावाखाली गेलं, आपण इथे करंजाड्यात तिसऱ्या मजल्यावर आलो, आणि मला वाटलं ते सगळं तिकडेच राहिलं.

तू गेलास त्यानंतरचा एक रविवार. मी मोबाइलवर माल वाटत होते, बाबा मागे खाटेवर बसून बघत होते. त्यांना वाटतं मी काहीतरी ऑनलाइन बाजार करते. मला म्हणाले, "घरा किती हायत तुमची?"

मी म्हटलं, आठ.

"मंग वाटे सातच कशे?"

"एक घर बंद आहे, बाबा."

ते म्हणाले, "बंद घराचा वाटा नाय काढत का तुमच्यान?" आणि उठून गॅलरीत गेले.

मी काढला. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, "काढलास?" मी हो म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी तेवढाच एक शब्द. ज्या माणसाने दोन्हीकडच्या पाहुण्यांपुढे हात जोडले आणि घरी येऊन सांगितलं की त्याचं नाव या घरात घ्यायचं नाय, तो माणूस. तुझं नाव त्यांनी अजून घेतलेलं नाही. मी घर कुणाचं ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पण त्यांना माहीत आहे.

मी कलंकित झाल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा ते चिडले. "तू कशाला चोर? मी सांगितला काढाला. माजा नाव लिव त्यांना." मी खरंच लिहिलं. सखीला लिहिलं, की माझ्या वडिलांनी सांगितलं म्हणून मी हे केलं, त्यांचं नाव जगन. तिने उत्तर दिलं, की खातं दुसऱ्या व्यक्तीला वापरू देणं हा नियमभंग आहे, आणि सत्त्व अजून कापलं. त्या दिवशी मी क्लासच्या जिन्यात बसून रडले. कामोठ्याची ती इमारत तुला माहीत आहे, जिन्यात कायम कुणीतरी चढत-उतरत असतं. सगळ्यांनी बघितलं.

मला तुझा राग आहे. लग्न नको होतं तर नको म्हणायचं होतंस, आईबाबांना नाही तर मला तरी. मितालीचं तुझ्यावाचून काही अडलं नाही, तिचं जूनमध्ये लग्न झालं, बाजारात भेटली तेव्हा तिने स्वतः विचारलं, प्रणित कसा आहे. मी तिला भाजीचे भाव सांगत बसले. राग आहे तो आहे. पण तो तू समोर असताना करीन, असा बंद दारावर करण्यात मजा नाही.

शुक्रवारपर्यंत एकदा ये. बटण दाबू नकोस हवं तर. नुसता दिवा लाव.

वाट बघणारी,
भाविका


करंजाडे
रविवार, २३ नोव्हेंबर

दादा,

शुक्रवारी दुपारी दोन बॅचच्या मधे मी डबा खात होते. मोबाइल समोर उभा करून ठेवला होता, आठवडाभर तसाच ठेवतेय. तुझा दिवा लागला.

घास तोंडात तसाच राहिला. तू पेटाऱ्यापाशी गेलास. बराच वेळ नुसता उभा होतास, आणि मी इकडे पुटपुटत होते, उघड रे, उघड. मग तू उघडलास. एकेक वस्तू काढत होतास, सगळं एकदम काढता येतं, पण तू एकेक काढलीस. तलवारी, मोती, त्या फालतू कवड्या, ज्या बाजारात कुणी फुकट घेत नाही. सगळं घेतलंस. 'भेट स्वीकारली' असं माझ्याकडे आलं, आणि मला वाटलं झालं, आता तू जाशील.

मग पेटारा माझ्या दारात आला. मी उघडला. आत मीठ होतं, मूठभर.

दादा, मी अशी उठले की डबा उलटा झाला. पोरांना वाटलं बाईंच्या घरी काही झालं.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुलाही हसू येईल. कलंकित माणसाला माल देणं हा त्यांच्या नियमात गुन्हा आहे, त्यामुळे तू पण कलंकित झालास. तुझ्या कपाळावर डाग आलेला मी बघितला. आणि सखीने कळवलं, की स्वीकृतीची नोंद झाली आहे, परंतु पेटारा रिकामा परत न आल्याने व्यवहार संशयास्पद वाटतो. संध्याकाळी माझं खातं बंद झालं. दिवा गेला, टोळी गेली. मला वाटलं होतं त्या क्षणी मी ढसाढसा रडेन. मी वह्या तपासायला घेतल्या.

घरी येऊन मी सांगितलं. दिवा, पेटारा, मीठ, सगळं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता तो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला. "ह्या मीठ हाय?" म्हणाले. मी हो म्हटलं. "काला दिसतंय," म्हणाले, आणि मोबाइल आईकडे दिला. आईने तो परत दिलाच नाही, पदराखाली धरून बसली.

आज सकाळी बाबा न सांगता बाहेर पडले. पनवेलच्या मासळीबाजारातून एक जिताडा घेऊन आले, चांगला हातभर. विळीवर स्वतः कापायला बसले, आईला हात लावू दिला नाही. तुकड्यांचे त्यांनी ताटात वाटे लावले, आम्हा तिघांचे तीन, आणि एक चौथा. चौथ्यात डोकं ठेवलं.

आई म्हणाली, "डोका इकडं द्या, मी कालवन करते."

"नाय," बाबा म्हणाले. "प्रनितला डोका आवडता."

आईचा हात तिथेच थांबला. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. बाबांनी चौथ्या वाट्याला मीठ चोळलं, पातेल्यात घातला, वर ताटली ठेवली आणि फ्रीजमध्ये ठेवून दिला. मग हात धुऊन नेहमीसारखे गॅलरीत जाऊन बसले.

तू आलास तर ते काय बोलतील, मला खरंच माहीत नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत. कदाचित रागावतील, आणि ते ऐकून घ्यावं लागेल. मी तुला खोटं आश्वासन देणार नाही. पण आईने फ्रीजमधलं ते पातेलं कुणी हलवायचं नाही असं सांगून ठेवलंय, आणि जिताडा काही महिनाभर टिकत नाही.

हा वाटा पेटाऱ्यात टाकता येत नाही, दादा. आणि भांडं परत करायचं तर आपल्याच हाताने करायचं असतं. येताना मीठ आण.

तुझ्याइतकीच कलंकित,
भाविका