रुमालाखालचा अंगठा

३ जानेवारी १९७९
बैलबाजारात घोळ. रुमालाखाली बैलवाल्या मष्णूची बोटं धरून गिऱ्हाईकाचा भाव सांगत होतो. अंगठा आपोआप हलला. भाव वाढला समजून मष्णूनं बैल देऊन टाकला, जादा पैसे मागताच गिऱ्हाईक भडकलं. चार माणसांत दलालाची अब्रू गेली. थंडीनं झालं. दुसरं काही न्हाय.

२० फेब्रुवारी
थंडी सरली, अंगठा थांबेना. बायको, अक्काताई, म्हणते बेळगावला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. शेजारचा ज्योतिबा तिथं जाऊन आलाय. म्हणाला, परीक्षाच घेतात: डोळे मिटून नाकाला बोट लावा, एका रेषेत चाला. आजपासून रोज प्रॅक्टिस. पास होणारच.

२ मार्च, बेळगाव
नाकाला बोट फर्स्ट क्लास. पण डॉक्टरचं लक्ष मी मांडीवर हात टाकून नुसता बसलो तेव्हाच. विचारलं, विड्या वळता का. अंगठा बोटावर तसाच फिरत होता म्हणे. माझ्याकडनं माझं नाव चारदा लिहून घेतलं, शेवटचं मुंगीएवढं झालं. चालताना उजवा हात का हलत न्हाय, फुलाचा वास येतो का, असंही विचारलं. दारू, डोक्याला मार, घरात कुणाला थरथर, एकेक विचारून बाजूला काढलं. म्हणाला, हे एक्स-रेच्या फोटोत दिसत न्हाय. गोळ्या घ्या. दोन महिन्यांत फरक पडला तर कंपवात पक्का.

२ मार्च, परतीची बस
म्हणजे गोळी लागू पडली तर मी आजारी, न पडली तर हात असाच. दोन्हीकडनं मीच अडकलो. पण मीही दलाल आहे. गोळी घ्यायचीच न्हाय, मग आजार पक्का होतोय कसा? अक्काताईला सांगितलं, गटारात टाक. व्हय म्हणाली.

२८ मार्च
हात थांबला! नुसत्या विल पॉवरवर. शिवाय पहाटेच्या जोरबैठका (तीन दिवस केल्या). रुमालाखाली दोन जोड्या विकल्या. मष्णू म्हणाला, अण्णा, हात दगडागत झालाय. डॉक्टरला काही कळत न्हाय.

४ मे, बेळगाव
डॉक्टरला चूक दाखवायला अक्काताईला घेऊन मुद्दाम गेलो. हात पुढं धरला, सांगितलं एकही गोळी घेतली न्हाय. डॉक्टर हात उलटासुलटा करून बघत राहिला. लई बरं वाटलं. मग अक्काताई खाली बघून म्हणाली, दोन महिने तिन्ही वेळच्या ठेच्यात गोळ्या कुटून घालतेय. डॉक्टरनं मान हलवली आणि केसपेपरवर आजाराचं नाव लिहिलं.

४ मे, घरी
हात एकदम शांत आहे. त्याचीच भीती वाटतेय. जेवायला बसलो. अक्काताईनं विचारलं, गोळी ठेच्यात घालू का हातात देऊ.
हातात दे म्हणालो.