काशानच्या मखमलीची घडी

मी, मुरलीधर केशव सोहोनी, वय ६४, वस्त्रतंत्रज्ञानाचा पदवीधर, राहणार बर दुबई, माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था स्वहस्ते व स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. चिरंजीव जय यांस शंका असल्याने तो मुद्दाम घेतला.

१. पुण्यातील सदनिका व सर्व ठेवी जय आणि कन्या केया यांस समसमान. यावर चर्चा नको.

२. धागे मोजण्याचे पितळी भिंग रफूगार अलीमियाँ यांस. कापडाला हात लावण्यापूर्वी हात धुणारा या शहरात मला भेटलेला हा एकच गृहस्थ.

३. आता मखमल. शेजारच्या रशीदाबाईंच्या वडिलांनी, स्वतःच्या आजारपणात रोज डबा पोचवल्याबद्दल, १९९१ साली माझी पत्नी कै. सौ. वीणा हिला दिलेला हा रेशमी तुकडा. इराणात काशान येथे सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी विणलेला; जरीच्या भुईवर सुरूची झाडे. मखमलीची लव घडीत मोडते व पुन्हा उठत नाही. म्हणून ती लव बाहेर ठेवून नळीवर गुंडाळतात. हे वीणाला मी किमान वीस वेळा सांगितले. तिने पैठणीचा न्याय लावला: मलमलीत चौघडी, आणि दर दसऱ्याला घडी बदलायची. परिणामी दरवर्षी एक नवी बोडकी रेघ. रागावलो तर म्हणे, "अहो, एकाच कुशीवर किती दिवस निजवायचं बिचारीला?" १९९९ अखेर नऊ रेघा झाल्या.

२००० च्या मार्चमध्ये वीणा गेली. मी तुकडा शास्त्रशुद्ध गुंडाळला. त्या दसऱ्याला सवयीने कपाट उघडले आणि पुढे काय करायचे ते कळेना.

४. जयचे मत: "डॅड, इट्स रुइन्ड. जस्ट फ्रेम इट, खलास." तुकडा काचेत लावू नये. एका तज्ज्ञांनी वाफ देऊन रेघा झाकण्याची तयारी दाखवली आहे. त्यांस नम्र नकार कळवावा.

५. मखमल केयाला. तीही आईप्रमाणेच माझे ऐकत नाही; एवढे मात्र ऐकावे. नळीवर गुंडाळू नये. दर दसऱ्याला घडी बदलावी. कापडाच्या दृष्टीने हे सर्वस्वी चूक आहे, असे मी जबाबदारीने नमूद करतो.

आज रेघा बारा आहेत. शेवटच्या तीन माझ्या.

दुबई, १२ नोव्हेंबर २००३
(सही) मु. के. सोहोनी

आमच्यादेखत सही झाली:
रशीदा, शेजारी
गुणवंत पेडणेकर, माजी सहकारी
(अलीमियाँ लाभार्थी असल्याने साक्षीस घेतलेले नाहीत. त्यांनी राग मानू नये.)