बोटांच्या टोकापर्यंत

४ मार्च

चि. बिट्टी, अ. उ. आ.

परवा कॉलर शिवताना मशीनची सुई बोटातून गेली. मला कळलंच नाही. पांढऱ्या कापडावर लाल दिसलं तेव्हा गिऱ्हाईकच ओरडलं. बटण उचललं तर ते हातात आहे की खाली पडलं, हे बघावं लागतं.

डॉक्टर म्हणतात, गाठीवरच्या औषधाने होतं. गाठ आटली आहे. त्या औषधाची दोन सलाइन बाकी आहेत. घेतली तर बोटं कदाचित कायमची जातील, नाही घेतली तर गाठ परत येऊ शकते. शिवण गेली तर मी दिवसभर करू काय? तू रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतेस. हे औषध आत काय करतं ते लिही. घेऊ की नको, तेही लिही.

जेवत जा. लोभ आहेच, पत्र मात्र येऊ दे.

आई


१२ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे. आत धाग्यांचा सांगाडा असतो. काही धागे बारीक, ते पेशीला हलवतात. काही दोरखंडासारखे, ते ताण सोसतात. तिसऱ्या पोकळ नळ्या. त्या वाढतात, उसवतात, पुन्हा वाढतात. तुझ्या कच्च्या टाक्यांसारख्या, काम झालं की काढायच्या. एका पेशीच्या दोन होताना याच नळ्या आतला ऐवज दोन्हीकडे ओढून नेतात. औषध त्यांना उसवू देत नाही. पेशी तिथेच अडकते आणि मरते. गाठ आटते ती अशी.

पण बोटाची जाणीव नेणारी पेशी पाठीच्या कण्यापासून बोटापर्यंत एकच, लांबलचक. तिचा माल याच नळ्यांवरून जातो. वाहतूक अडली की शेवटचं गाव आधी उपाशी. काहींची बोटं वर्षभरात परततात, काहींची नाही.

हेच औषध मी काचेवरच्या पेशींवर टाकते. नळ्या थिजल्या की फोटो चांगला येतो.

प्रकृतीला जप. आशीर्वाद असू देत.

बिट्टी


२० मार्च

चि. बिट्टी, अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून पूर्ण मार्क दिले. घेऊ की नको, ते मात्र पानाच्या मागेही सापडलं नाही. वडिलांवर गेलीस. त्यांना विचारावं एक, तर ते सांगायचे दुसरंच.

मशीन मास्तरीणबाईंच्या सुनेला दिलं. बरी शिवते.

काल सलाइन घेतलं. लावण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, मुलगी काय म्हणते? मी म्हटलं, घे म्हणाली.

कुणी विचारलं तर तूही तेच सांग. लोभ तेवढा पुरे.

आई